पवळा कुणाची?

तमाशाचा इतिहास उघडा. पठ्ठे बापूराव भेटतात, आणि त्यांच्या मागं, 'ची' प्रत्ययाला बांधलेली, 'बापूरावांची पवळा'.

श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हा रेठऱ्याचा बामण घरदार सोडून फडात आला. त्याला इतिहास त्याग म्हणतो. पवळा संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसाची, महाराची पोर. जन्म १८७०. लहानपणीच खंडोबाला मुरळी सोडलेली. नाच्या पोऱ्या लुगडं नेसून जिथं बाई व्हायचा, तिथं बोर्डावर ही पहिली बाई उभी राहिली. त्याला कुणी त्याग म्हटलं नाही. तो धंदा! बोर्ड एकच, पण त्याच्या लावण्या छापल्या गेल्या. तिचा गळा, तिची अदा कोण छापणार? १९३९ साली गेली.

आता आपल्या घरातलं बोलू. महाडच्या सत्याग्रहाला बापूरावांनी पैसे देऊ केले, बाबासाहेबांनी ते नाकारले. महारणी नाचवून कमावलेला पैसा नको म्हणाले. १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या-जोगतिणींना हे जिणं सोडा म्हणून सांगितलं. बरोबरच सांगितलं. वतनासारखंच जातीनं गळ्यात मारलेलं काम होतं ते. पण आपण काय केलं? नको त्या पैशाबरोबर ती बाईही नको केली. १९३१ नंतर भीमराव कर्डकांचे जलसे गाजले. गण-गौळण गेली, विचार आला, रातोरात वस्त्या जाग्या झाल्या. त्या जलशांत बाईची भूमिका मात्र पुन्हा पुरुषानंच करायची. पवळेनं मिळवलेली जागा आपल्याच बोर्डावर परत गेली. हे कुणीतरी लिहायला पाहिजे का नको?

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५, पंढरपूर. दिवस भरलेले, पोटात कळा, कनातीमागं गेली, बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आली. ही गोष्ट आपण छाती फुगवून सांगतो. छाती कशाला फुगवायची? मुंबई इलाख्यात कारखान्यातल्या बाईला बाळंतपणाचा कायदा १९२९ सालीच मिळाला होता. फड म्हणजे कारखाना नव्हे, म्हणून नाचणारी कामगार नव्हे! बारी मोडली तर सुपारी बुडणार, सगळ्या फडाची चूल विझणार. तो दगड त्या हिशेबातला आहे, शौर्यातला नाही. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेतलेली ही बाई २००२ मध्ये गेली, तेव्हा दवाखान्याचं बिल भागवायला लोकांना पदर पसरावा लागला. २००६ पासून सरकार तिच्या नावानं पुरस्कार देतं.

कांताबाई सातारकरांनी तर शिवाजीराजा उभा केला, फड चालवला. २०२१ मध्ये त्याही गेल्या.

तेव्हा मित्रांनो, जत्रांच्या दिवसांत गावोगाव जाल तेव्हा म्हाताऱ्या झालेल्या बायांजवळ बसा. लावणी म्हणा म्हणू नका. सुपारी कुणाच्या हातात पडायची, दौलतजादा कसा वाटला जायचा, आजारपणात खाडा धरत का, हे विचारा. आणि नाव लिहून घेताना तिचं तिचं लिहा.