ए.कु.मॅ. : सातबाऱ्यावरील तीन अक्षरांचा इतिहास

१/७
पुणे जिल्ह्यातील जुन्या सातबाऱ्यांवर खातेदाराच्या नावासोबत अनेकदा ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरे आढळतात. अर्थ : एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकाचे, जमीन सर्वांची. पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील भाऊबंदकीचे अनेक दावे या अंतरातून जन्मले.

२/७
या नोंदीचे मूळ महसुलात आहे. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात रयतवारी मोजणी सुरू केली. प्रत्येक शेताला क्रमांक, आकारणी आणि सारा भरणारा खातेदार मिळाला. सरकारचा मुख्य प्रश्न ‘मालक कोण?’ हा नव्हता. ‘सारा कोण भरणार?’ हा होता.

३/७
१९०३ च्या मुंबई कायद्याने हक्कनोंदणी आली. तरीही वडिलांमागे बहुधा थोरल्याचेच नाव चढे. धाकटे भाऊ त्यात गृहीत धरले जात. बहिणी ‘इतर हक्कां’त, किंवा कोठेच नसत. शेत एकत्र कसले जात होते, तोवर कोणाचे अडले नाही.

४/७
मग कारखाने आले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, पुढे चाकणची वसाहत. शेताची रोख रक्कम झाली. शेत एकत्र कसता येते. मोबदल्याचा मात्र प्रत्येकाचा हिस्सा ठरवावा लागतो.

५/७
कायद्याने कर्ता हा एकटा मालक नव्हे. कुटुंबाची गरज वा हित असल्याशिवाय त्याने केलेली विक्री इतर हिस्सेदारांवर बंधनकारक ठरत नाही. १९६६ च्या महसूल संहितेचे कलम १५७ नोंद खरी मानते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सावर्णी विरुद्ध इंदर कौर खटल्यात सांगितले.

६/७
मुलींचा हिस्सा टप्प्याटप्प्याने आला. १९५६ मध्ये वडिलांच्या हिश्श्यात वारसा. १९९४ मध्ये महाराष्ट्रात जन्मसिद्ध हक्क, पण तोवर विवाह झालेल्यांना वगळून. २००५ मध्ये देशभर सर्व मुलींना. २०२० च्या विनीता शर्मा निकालाने वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट नाकारली. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या विक्री आणि वाटण्या २००५ च्या दुरुस्तीच्या आधारे उलटवता येत नाहीत. पिंपरी-भोसरीच्या कितीतरी जमिनी त्याआधीच गेल्या होत्या.

७/७
हक्क मिळाला तरी माहेर तुटू नये म्हणून अनेक बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. ज्या करत नाहीत, त्यांच्यापुढे वाटपाचा दिवाणी दावा उरतो. अशा दाव्यात जुना फेरफार निर्णायक ठरू शकतो : कोण वारले, वारस म्हणून कोणाची नावे लागली, कोणाची राहिली. सातबारा वाचताना नावापाशी थांबू नये. त्याखालील फेरफार क्रमांकही काढून पाहावा.