फुप्फुसीय अंतर्कीलन : नेहमीच्या रक्ततपासण्या आणि धोक्याचा अंदाज

रक्ताची गुठळी, बहुधा पायाच्या खोल शिरेतून, वाहत येऊन फुप्फुसाच्या धमनीत अडकणे म्हणजे फुप्फुसीय अंतर्कीलन किंवा पल्मनरी एम्बोलिझम. निदान प्रामुख्याने सीटी अँजिओग्राफीने पक्के होते. त्यानंतर जिवाला धोका किती, हे ठरवताना दाखल होतानाच्या साध्या रक्ततपासण्याही मोलाच्या ठरतात.

कारणे : गुठळीमुळे धमनीतला दाब वाढून हृदयाचा उजवा खालचा कप्पा ताणला जातो आणि शरीराला होणारा रक्तपुरवठा घटतो. मूत्रपिंडांना रक्त कमी पडले की क्रिएटिनिन व युरिया वाढतात. पेशींना प्राणवायू अपुरा पडला की लॅक्टेट चढते. दर लिटरला २ मिलिमोल किंवा अधिक पातळी धोक्याची मानतात. ताणामुळे स्रवणारी संप्रेरके पाणी धरून ठेवतात आणि सोडियम दर लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली उतरू शकते.

सीबीसीतील (रक्तपेशींच्या मोजणीतील) खुणा : तीव्र ताणात पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. न्यूट्रोफिल ८,००० आणि लिम्फोसाइट १,००० असतील, तर त्यांचे गुणोत्तर ८ येते. हे गुणोत्तर आणि तांबड्या पेशींच्या आकारातील तफावत दाखवणारा आरडीडब्ल्यू जास्त असलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

वर्गवारीतील स्थान : २००५ चा ११ निकषांचा ‘पेसी’ आणि २०१० चा ६ निकषांचा संक्षिप्त ‘पेसी’ हे गुणांक वय, कर्करोग, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन अशा बाबींवर आधारलेले आहेत, त्यांत एकही रक्ततपासणी नाही. युरोपियन हृदयरोग संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत रक्तदाब, गुणांक, उजव्या कप्प्याची स्थिती आणि हृदयस्नायूची इजा दाखवणारे ट्रोपोनिन यांवरून धोक्याची पायरी ठरते. सीबीसीतील गुणोत्तरांना या वर्गवारीत जागा नाही.

मर्यादा : जंतुसंसर्ग, स्टेरॉइड किंवा कर्करोगामुळेही पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर बदलते आणि त्याची धोक्याची सीमा अभ्यासागणिक वेगळी आहे. लोहाच्या कमतरतेने आरडीडब्ल्यू वाढतो. भारतात ही कमतरता सर्रास असल्याने तो विशेष जपून वाचावा लागतो. आकडा एकटा न पाहता रुग्णाची नाडी, श्वास आणि इकोकार्डिओग्राफी यांच्याशी ताडून पाहावा.

उपचारांशी संबंध : हेपरिन देताना प्लेटलेटवर लक्ष ठेवावे लागते, तर रक्त पातळ करणाऱ्या अनेक औषधांची निवड व मात्रा क्रिएटिनिनवर अवलंबून असते. मात्र रक्तदाब ढासळला असेल, तर रक्ताच्या अहवालांसाठी तातडीचे उपचार थांबवू नयेत.