ओसरीवरची तार

आमच्या मराठवाड्यात घर म्हणजे आधी ओसरी. पाहुणा टेकतो तिथंच, पोती पडतात तिथंच, उन्हाळ्यात बाजाही तिथंच. वर छप्पर असतं, पण बाजूनं पावसाची झड येतेच. त्यामुळे विजेच्या दृष्टीनं घरातली अवघड जागा हीच!

नियम करणाऱ्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. भारतीय विद्युत नियम आले १९५६ साली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. त्या नियमांतल्या ७९ व्या नियमात व्हरांड्याच्या छपराचा चक्क नावानिशी उल्लेख होता. घरगुती विजेची तार छपरावरून जात असेल तर मधे किमान २.५ मीटर अंतर हवं, बाजूनं जात असेल तर १.२ मीटर. तेही तार जास्तीत जास्त झोळ खाते तेव्हाचं! तारेजवळ नवं बांधकाम किंवा वाढकाम करायचं तर आधी लेखी कळवावं, असंही ८२ व्या नियमात होतं. आणि ४५ व्या नियमानं वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराकडं सोपवलं होतं.

पुढं २० जून १९६० ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं आणि हळूहळू गावोगाव खांब आले. पण घरं तेवढीच कुठं राहिली? पोरं मोठी झाली, जागा अपुरी पडली, ओसरीपुढं पत्रे आले. तार होती तिथंच राहिली, पत्रा मात्र तिच्याखाली सरकत गेला. वाऱ्यानं तार पत्र्याच्या कडेला घासते, वरचं आवरण झिजतं आणि पहिल्या पावसात अख्ख्या पत्र्यात वीज उतरते. त्याच पत्र्याच्या खांबाला कपडे वाळत घालायची तार बांधलेली असते. ओले कपडे टाकायला जातं कोण? घरातली बाई.

१९५६ च्या नियमांची जागा २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली, २०२३ साली तेही नव्यानं निघाले. आता ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारं यंत्र बाजारात सहज मिळतं. नियम सुधारत गेले, पण ते ओसरीपर्यंत पोचतात का, हा प्रश्न उरतोच.

गावाकडं घर असलेल्या सगळ्यांना सांगणं एवढंच. कपड्यांसाठी तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधा. अर्थिंग आणि ते यंत्र जाणकाराकडून तपासून घ्या. आणि पत्रे वाढवण्याआधी एकदा मान वर करून बघा.