तातडीची पशुसेवा, बांदा परिसरातील

गाय-म्हैस, कुत्रा, मांजर यांना अपघात, सर्पदंश, विषबाधा झाली किंवा वीण अडली, तर पशुवैद्य येईपर्यंत गावकरी जी मदत करतात ती. बांदा (ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग) हे तेरेखोल नदीकाठचे, मुंबई-गोवा महामार्गावरचे बाजाराचे गाव. पत्रादेवीला गोव्याची हद्द सुरू होते. भोवतालच्या वाड्या काजू-बागायतीत विखुरलेल्या आहेत आणि पावसाळ्यात रात्री-अपरात्री डॉक्टर गाठणे कठीण जाते. त्यामुळे पहिला तास शेजाऱ्यांच्याच हाती असतो.

शासकीय सेवेची मदार पशुवैद्यकीय दवाखान्यांवर आहे. त्यांना जोड म्हणून १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फिरते पथक बोलावता येते. केंद्राच्या योजनेत साधारण एक लाख पशुधनामागे एक वाहन धरलेले असून त्यात पशुवैद्य, साहाय्यक आणि चालक असतात. डोंगराळ तालुक्यात हे प्रमाण अपुरे पडते, कारण तिथे गुरांची संख्या कमी आणि अंतर जास्त. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईत परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १८८६) आहे, पण ते सुमारे ५०० किलोमीटरवर. म्हणून माणसांच्या गंभीर आजारात जसे गोव्यातले बांबोळीचे रुग्णालय गाठले जाते, तसेच कुत्र्या-मांजरांसाठी अनेकांना गोव्याकडे गाडी वळवावी लागते.

सर्पदंश हा इथला नेहमीचा प्रसंग. जांभ्याच्या सड्यावर आणि गडग्यांत फुरसे सापडते. कुत्रा हुंगायला जातो आणि दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. सूज झपाट्याने चढते, हिरड्यांतून रक्त येऊ लागते, कारण हे विष रक्त गोठण्याची क्रियाच बिघडवते. अशा वेळी दोरी आवळणे, चिरा देणे, पाला चोळणे यात मोलाचा वेळ जातो. प्राण्याला चालू न देता पोत्याच्या झोळीत घालून न्यावे. भारतात मिळणारी प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. चापडा या सापाच्या विषावर ती उपयोगी पडत नाही, म्हणून साप दुरून पाहिलेला असल्यास त्याचे वर्णन डॉक्टरला सांगावे. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही.

फणसाच्या दिवसांत पिकलेले गरे, किंवा समारंभानंतर उरलेला भात भरपूर खाल्ल्याने गुराचे पोट फुगते. डावी कूस ताठ होते, जनावर उठबस करते. नळीने किंवा बाटलीने बळजबरी औषध पाजल्यास ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. मांजराला ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी देणे तर थेट जीवघेणे आहे, अर्धी गोळीसुद्धा. रानडुकरांसाठी लावलेल्या फासक्या आणि स्फोटक आमिषांनी पाळीव कुत्री व गुरेही जखमी होतात. हा प्रकार बेकायदा आहे आणि गावाने तो लपवू नये.

सर्वात मोठी चूक रेबीजमध्ये होते. लाळ गाळणारी, घोगरे हंबरणारी गाय पाहून घशात काही अडकले असेल म्हणून घरधनी तोंडात हात घालतो. पिसाळलेल्या गुराचे हेच लक्षण असू शकते. हात घातलाच असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच आरोग्य केंद्र गाठावे. शेजारच्या गोव्यात कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण वर्षानुवर्षे घरोघर झाले आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. सिंधुदुर्गाने तो कित्ता गिरवायला हवा, कारण कुत्री हद्द ओळखत नाहीत.

२०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात आणि २०१७ मध्ये बांदा परिसरात माकडतापाचा उद्रेक झाला. गोचिडीतून पसरणाऱ्या या तापाचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम आढळला. बांदा-दोडामार्गच्या उद्रेकात मेलेल्या माकडाची खबर देणे हीच गावाची खरी मदत ठरली. मृत माकडाला हात न लावता आरोग्य किंवा वन खात्याला कळवायचे, रानात जाताना अंगाला डीएमपी तेल लावायचे आणि चरून आलेल्या गुरांच्या गोचिडी काढून टाकायच्या, ही शिस्त आजही लागू आहे.

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्याचेच काम. किरकोळ सेवा मात्र त्याच्या देखरेखीखाली इतरांना देता येते. कॅनडाच्या वायव्य प्रदेशांत पशुवैद्य नसलेल्या वस्त्यांत तिथल्याच रहिवाशांना कुत्र्यांना रेबीजची लस टोचण्याचे प्रशिक्षण दिले जाते. महाराष्ट्रात बचतगटांतून पुढे आलेल्या पशुसखींचा उपयोग याच धर्तीवर वाढवता येईल.

प्रत्येक वाडीने १९६२ आणि जवळच्या दवाखान्याचा क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावा, एक वाहन आधीच ठरवावे आणि तेरेखोल चढू लागताच गुरांची दावी सोडावीत.