जुनी संचालन प्रणाली असलेल्या दुय्यम हार्ड डिस्कचे फॉरमॅटिंग

संगणकातील दुसऱ्या हार्ड डिस्कवर पूर्वीची संचालन प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, तशीच शिल्लक असेल, तर ती पुसून डिस्क साठवणुकीसाठी मोकळी करण्याच्या प्रक्रियेला दुय्यम हार्ड डिस्कचे फॉरमॅटिंग म्हणतात. ही गरज प्रामुख्याने दोन प्रसंगी उद्भवते. पहिल्या प्रसंगी जुन्या संगणकातील डिस्क काढून नव्या संगणकाला जोडलेली असते. दुसऱ्या प्रसंगी जुन्याच संगणकात नवी डिस्क बसवून तिच्यावर नवी प्रणाली स्थापित केलेली असते. वरकरणी दोन्ही प्रसंग सारखेच दिसतात, मात्र दुसऱ्यात धोका बराच अधिक असतो. फॉरमॅटिंगची आज्ञा देणे सोपे आहे. ती देण्यापूर्वी संगणक नेमका कोणत्या डिस्कच्या आधाराने सुरू होतो आणि जुन्या डिस्कवर कोणती माहिती अद्याप उरली आहे, या दोन बाबींची खात्री करावी लागते.

संगणक सुरू होण्याशी असलेला संबंध

संगणक सुरू करताना वीज मिळताच मुख्य फलकावरील बायॉस अथवा युईएफआय ही अंतर्भूत आज्ञावली प्रथम कार्यान्वित होते. ती एखाद्या डिस्कवरील बूटलोडर शोधते आणि तो बूटलोडर संचालन प्रणाली स्मृतीत आणतो. बूटलोडर आणि संचालन प्रणाली एकाच डिस्कवर असल्या पाहिजेत, असे तांत्रिक बंधन नाही. बहुतेक अपघातांचे मूळ येथेच आहे.

विंडोज एक्सपी असलेल्या संगणकात दुसरी डिस्क बसवून तिच्यावर विंडोज ७ स्थापित केली, असे उदाहरण घेता येईल. बायॉसच्या क्रमात एक्सपीची डिस्क पहिली असेल, तर विंडोज ७ आपली आरंभव्यवस्था त्या जुन्या डिस्कच्या सक्रिय विभागावरच लिहिते. विंडोजची धारिका नव्या डिस्कवर, परंतु ती सुरू करणाऱ्या फायली जुनीवर, अशी स्थिती निर्माण होते. वापरकर्त्याला याची चाहूलही लागत नाही, कारण संगणक नेहमीप्रमाणे सुरू होत राहतो. पुढे जुनी डिस्क फॉरमॅट केल्यावर मात्र संचालन प्रणाली सापडत नसल्याचा संदेश काळ्या पडद्यावर दिसतो. युईएफआय असलेल्या संगणकांतही असे घडते. आधीच्या डिस्कवर ईएफआय सिस्टीम विभाग आढळल्यास विंडोजची स्थापना-आज्ञावली अनेकदा नवा विभाग न करता तोच वापरते.

मायक्रोसॉफ्टच्या परिभाषेने हा गोंधळ वाढवला आहे. संगणक सुरू करणाऱ्या फायली ज्या विभागात असतात त्याला ही कंपनी 'सिस्टीम' विभाग म्हणते आणि विंडोजची धारिका ज्यात असते त्याला 'बूट' विभाग. सामान्य वाचक या दोन शब्दांचा अर्थ नेमका उलट लावतो, आणि त्यात त्याची चूक म्हणता येत नाही.

पडताळणी

विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट या सुविधेत प्रत्येक विभागाखाली त्याची स्थिती दर्शवलेली असते. जुन्या डिस्कच्या एखाद्या विभागाखाली 'सिस्टीम' हा शब्द दिसत असेल, तर सध्याची प्रणाली तिच्याच आधाराने सुरू झाली आहे असे समजावे. 'पेज फाइल' हा शब्द असल्यास आभासी स्मृतीची फाइल त्या विभागावर आहे. ती आधी अन्यत्र हलवावी लागते. 'ॲक्टिव्ह' या शब्दाने मात्र घाबरून जाण्याचे कारण नाही. पूर्वी स्वतंत्रपणे चालणाऱ्या कोणत्याही बायॉस-काळातील डिस्कवर ती खूण असू शकते.

सर्वांत खात्रीचा उपाय जुन्या पद्धतीचा आहे. संगणक पूर्णपणे बंद करून, वीजपुरवठा काढून, जुन्या डिस्कची जोडणी सोडवावी आणि संगणक पुन्हा सुरू करून पाहावा. तो नेहमीप्रमाणे सुरू झाला, तर आरंभासाठी जुन्या डिस्कची गरज नाही हे सिद्ध होते. सुरू झाला नाही, तरी काहीच बिघडलेले नसते. डिस्क पुन्हा जोडली की स्थिती पूर्ववत होते. फॉरमॅट केल्यानंतर हीच बाब लक्षात आली, तर परत फिरण्याचा मार्ग इतका सोपा राहत नाही.

नवी डिस्क एकटी सुरू होत नसेल, तर तिच्यावर आरंभासाठी योग्य विभाग तयार करून 'बीसीडीबूट' या आज्ञेने आवश्यक फायली लिहिता येतात. बायॉस पद्धतीत तो विभाग सक्रिय म्हणून चिन्हांकित करावा लागतो. त्यानंतर जोडणी सोडवून पुन्हा चाचणी घेणे इष्ट असते.

लिनक्समध्ये ग्रब या बूटलोडरचा आरंभीचा अंश एका डिस्कवर आणि उर्वरित फायली दुसऱ्या डिस्कवर असू शकतात. जुने लिनक्स पुसल्यावर पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढीच ओळ उरते ती यामुळे. तसेच जुन्या विभागाचा उल्लेख 'एफएसटॅब' फाइलमध्ये राहिला आणि तेथे 'नोफेल' हा पर्याय नसेल, तर पुढच्या वेळी अनेक लिनक्स वितरणे आपत्कालीन स्थितीत अडकतात.

जतन करावयाची माहिती

'माय डॉक्युमेंट्स' आणि डेस्कटॉप यांची नक्कल घेतली की काम झाले, असा समज रूढ आहे. तो पुरेसा नाही. विंडोज एक्सपीमध्ये वापरकर्त्याची सामग्री 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या धारिकेत, तर व्हिस्टापासून पुढे 'यूजर्स' या धारिकेत असते, आणि तिच्यातील काही उपधारिका अदृश्य असतात. आउटलुक एक्सप्रेसमधील टपाल अशाच अदृश्य धारिकेत साठवले जाई. हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या टॅलीच्या जुन्या आवृत्त्या आपली माहिती डॉक्युमेंट्समध्ये न ठेवता आज्ञावलीच्याच धारिकेतील 'डेटा' या उपधारिकेत ठेवत. त्यामुळे 'जुने प्रोग्राम तसेही चालणार नाहीत' असे म्हणून प्रोग्रामच्या धारिका पुसणाऱ्या दुकानदाराचे अनेक वर्षांचे हिशेब नष्ट होऊ शकतात.

मराठी मजकुराच्या संदर्भात आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. विंडोज २००० पूर्वीच्या विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची अंगभूत सोय नव्हती, आणि ती आल्यानंतरही छपाई व प्रकाशन व्यवसायात पुण्याच्या सी-डॅकची आयएसएम, पुण्याचीच श्री-लिपी यांसारख्या आज्ञावल्या दीर्घकाळ प्रचलित राहिल्या. त्यांच्या फाँटमध्ये मराठी अक्षरे रोमन अथवा अन्य चिन्हांच्या जागी बसवलेली असत. फाँट नसलेल्या संगणकावर असा दस्तऐवज उघडला की मराठीऐवजी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. हे फाँट विंडोजच्या 'फाँट्स' या धारिकेत असतात. म्हणून दस्तऐवज जपले आणि जुन्या प्रणालीची ती धारिका पुसली, तर हस्तलिखितांचा गठ्ठा सांभाळून त्याच्या लिपीची ओळख गमावावी, तसा प्रकार होतो. असे दस्तऐवज फाँटसह जतन करावेत आणि शक्य तेव्हा युनिकोडमध्ये रूपांतरित करावेत.

कूटबद्ध फायलींचे नुकसान अधिक अंतिम स्वरूपाचे असते. विंडोज २००० पासून उपलब्ध असलेल्या ईएफएस पद्धतीने कूटबद्ध केलेल्या फायलींची किल्ली जुन्या प्रणालीतील वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये असते. फायली नव्या डिस्कवर कूटबद्ध स्वरूपातच घेतल्या, मात्र जुन्या प्रणालीतून प्रमाणपत्र निर्यात न करता ती पुसली, तर त्या फायली पुन्हा वाचता येत नाहीत. बिटलॉकरने संरक्षित डिस्कमधील सामग्री जपायची असल्यास पासवर्ड किंवा ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली आधी हाताशी असावी. जुन्या प्रणालीतील फाइल उघडताना केवळ 'परवानगी नाही' असा संदेश येत असेल, तर ती बाब वेगळी आहे. त्या वेळी फाइलची मालकी नव्या वापरकर्त्याकडे घेऊन प्रश्न सुटतो.

प्रत्यक्ष प्रक्रिया

जुनी विंडोज धारिका निवडून ती थेट पुसण्याचा प्रयत्न अनेक जण करतात. व्हिस्टापासून प्रणालीच्या बहुतांश फायलींची मालकी 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' या अंतर्गत खात्याकडे असल्याने ही खटपट लांबते आणि अर्धवट राहते. फॉरमॅटिंगला फायलींच्या परवानग्यांशी कर्तव्य नसते, कारण त्यात संपूर्ण फाइल प्रणालीच नव्याने मांडली जाते.

डिस्क ओळखताना ड्राइव्हच्या अक्षरावर विसंबू नये. प्रत्येक संचालन प्रणाली ही अक्षरे स्वतःपुरती ठरवते. जुन्या प्रणालीचा 'सी' नव्या प्रणालीत 'डी' किंवा 'ई' म्हणून दिसतो. क्षमता, मॉडेल आणि दोन डिस्क एकसारख्या असल्यास अनुक्रमांक यांवरून ओळख पटवावी.

एका विभागापुरते काम असेल, तर फाइल एक्सप्लोररमधील फॉरमॅटचा पर्याय पुरतो. परंतु जुन्या प्रणालीने आणखी लहान विभाग निर्माण केलेले असतात. विंडोज ७ रिकाम्या डिस्कवर १०० मेगाबाइटचा 'सिस्टीम रिझर्व्ड' विभाग करते. ईएफआय विभाग तर डिस्क मॅनेजमेंटमधून पुसताच येत नाही. अशा वेळी 'डिस्कपार्ट' या साधनातील 'क्लीन' आज्ञा वापरली जाते. ती निवडलेल्या डिस्कवरील सर्व विभागांची नोंद एकदम काढून टाकते आणि पुन्हा विचारत नाही.

त्यानंतर एमबीआर अथवा जीपीटी यांपैकी एक विभागणी-पद्धत निवडावी लागते. ५१२ बाइटच्या सेक्टरसह एमबीआरमध्ये सुमारे २ टेराबाइटपलीकडची जागा वापरता येत नाही, म्हणून मोठ्या डिस्कसाठी जीपीटी आवश्यक ठरते. केवळ विंडोजमध्ये वापरायच्या डिस्कसाठी एनटीएफएस, तर वेगवेगळ्या प्रणालींत फिरवायच्या डिस्कसाठी एक्सफॅट सोयीची असते. फॅट३२ मध्ये ४ गिगाबाइट वा त्याहून मोठी फाइल ठेवता येत नाही. शेवटी, आरंभसूचीत जुन्या विंडोजचे नाव उरले असल्यास ते 'एमएसकॉन्फिग' मधून काढता येते.

पुसलेली माहिती

शीघ्र फॉरमॅटमध्ये फाइल प्रणालीची अनुक्रमणिका तेवढी नव्याने लिहिली जाते. चुंबकीय डिस्कवरील मूळ मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो. चुकून फॉरमॅट केलेल्या डिस्कवरील छायाचित्रे परत मिळवता येतात ती याच कारणाने, म्हणून अशी चूक लक्षात येताच त्या डिस्कवर काहीही लिहिणे थांबवावे. पूर्ण फॉरमॅटचा अर्थ काळानुसार बदलला आहे. विंडोज एक्सपीमध्ये त्यात खराब सेक्टर शोधण्यासाठी केवळ वाचन होत असे, तर व्हिस्टापासून संपूर्ण विभागावर शून्ये लिहिली जातात. 'क्लीन ऑल' ही आज्ञा डिस्कच्या प्रत्येक सेक्टरवर शून्ये लिहिते आणि मोठ्या डिस्कवर तिला कित्येक तास लागतात.

डिस्क स्वतःकडेच राहणार असेल, तर शीघ्र फॉरमॅट पुरेसा आहे. ती विकायची वा द्यायची असेल, तर नाही. सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलत यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विकत घेतलेल्या १५८ वापरलेल्या डिस्कपैकी वाचता आलेल्या १२९ तपासल्या. त्यांतील केवळ १२ योग्य रीतीने पुसलेल्या होत्या. उर्वरितांत क्रेडिट कार्डांचे क्रमांक आणि खासगी पत्रव्यवहारही आढळला. सॉलिड स्टेट ड्राइव्हबाबत हिशेब वेगळा आहे. ट्रिम या सूचनेमुळे शीघ्र फॉरमॅटनंतरही माहिती परत मिळण्याची शक्यता फार कमी असते. दुसरीकडे, राखीव पेशींमुळे वरून शून्ये लिहून सर्व जागा पुसली गेल्याची हमी मिळत नाही. तेथे ड्राइव्हमध्येच अंतर्भूत असलेली सुरक्षित पुसण्याची आज्ञा वापरणे योग्य ठरते.