दर्या आणि दऱ्या

माझे वडील पुण्यातल्या एका छापखान्यात जुळारी होते. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर जायची. खिळ्यांच्या लाकडी पेटीत एका कोपऱ्यात लहानसा खण होता, त्यात आडव्या रचे खिळे असायचे: ‘कुऱ्हाडी’तला, ‘वऱ्हाडा’तला, ‘पायऱ्यां’मधला र. रफाराचे खिळे निराळ्या खणात. नवा पोऱ्या हमखास गल्लत करायचा. मग बाबा मुद्रित त्याच्यापुढे धरून म्हणायचे, “अरे, लग्नाच्या स्वयंपाकाला आचाऱ्याला बोलवायचंय, आचार्यांना नाही.”

मी टेलिफोन खात्यात ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागले. पुढे नोकरी सोडली आणि परवाने, क्रमांकवाटप, कंपन्या-कंपन्यांमधल्या जोडण्या यांवर सल्ला द्यायला लागले. तिथून इंटरनेटवरच्या नावांच्या धोरणाकडे कशी वळले, हे लोक विचारतात. मला ते वळण वाटतच नाही. कोणतं अक्षर कुठल्या खणात ठेवायचं, हेच ते काम.

या कामात बायका अगदी आरंभापासून आहेत. १९७२ साली कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, संगणक संशोधक डग्लस एंगलबार्ट यांच्या गटात एलिझाबेथ फाइनलर आल्या. शिक्षण जीवरसायनशास्त्राचं, सगळे त्यांना ‘जेक’ म्हणत. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेट या जाळ्याचं माहिती केंद्र त्यांनी १९८९ पर्यंत चालवलं. जाळ्यावर नवा संगणक आला की त्याचं नाव या केंद्राकडे कळवायचं. ते आधी कुणी घेतलेलं नाही ना, हे बघून तिथली माणसं ते यादीत चढवत आणि जगभरातले बाकीचे संगणक ती एकच फाइल उतरवून घेत. सगळ्या इंटरनेटची नावनोंदणी एका कचेरीत, एका बाईच्या हाताखाली! कॉम, ऑर्ग, एज्यु ही शेपटं ठरवण्यातही त्यांच्या गटाचा हात होता.

जाळं वाढलं तशी यादी मावेना. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नावांची आजची व्यवस्था मांडली. तरी यादी काही वर्षं चालू राहिली आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये तिचा नियम नव्याने लिहिला गेला. त्याच्या तीन लेखकांपैकी दोघी बायका, फाइनलर आणि मेरी स्टाल. नियम असा: नाव जास्तीत जास्त २४ चिन्हांचं, त्यात ए ते झेड, शून्य ते नऊ, आडवी रेघ आणि टिंब. बस्स. हा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्यांचा राग आला नाही, आजही येत नाही. त्यांच्या पेटीत तेवढेच खिळे होते.

रोमनखेरीज इतर अक्षरं आत कशी घ्यायची, याची तोड २००३ मध्ये निघाली. आतली यंत्रणा तशीच ठेवायची. बाहेर कुठलीही लिपी दिसू दे, आत तिचं रोमन रूप जाईल. आपलं ‘भारत’ आत जाताना ‘एक्सएन’, दोन आडव्या रेघा आणि मग ‘एच२बीआरजे९सी’ होतं. दिसायला ओबडधोबड, पण चालतं.

मराठीचं मात्र इथेच अडलं. आडवा र टंकताना आपल्याकडे बरेच जण र, मग पाय मोडायची खूण आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह असं लिहीत. न दिसणारी चिन्हं फसवणुकीला सोयीची, म्हणून २००३ च्या नियमांनी ती सरळ गाळून टाकली. म्हणजे सह्याद्रीतल्या ट्रेकिंगवाल्यांनी ‘दऱ्या’ लिहायचं आणि यंत्राने ‘दर्या’ नोंदवायचं. डोंगर थेट समुद्रात! २०१० च्या नव्या नियमांत ते चिन्ह ठरावीक जागी चालायला लागलं, पण सगळ्या नावांच्या शेवटी जे शेपूट लागतं, त्या सर्वोच्च पातळीवर त्याला मज्जावच राहिला.

मे २०१० मध्ये अरबी लिपीतली पहिली देशनावं या सर्वोच्च पातळीच्या यादीत चढली: इजिप्त, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती. देवनागरीतलं ‘.भारत’ ऑगस्ट २०१४ मध्ये लोकांसाठी खुलं झालं, मराठी आणि कोंकणीसह आठ भाषांना मिळून. अक्षरांचे बारीक नियम बसवण्यात पुण्याच्या सी-डॅक या संगणक संस्थेचं मोठं काम आहे. मग ब्राह्मीपासून निघालेल्या नऊ लिप्यांचे सर्वोच्च पातळीचे नियम ठरवायला एक आंतरराष्ट्रीय गट नेमला गेला. मी त्यात नव्हते; मसुदे वाचून हरकती-सूचना पाठवणाऱ्यांपैकी मी एक.

नोव्हेंबर २०१६ मध्ये इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेची सभा हैदराबादला भरली. चहाच्या वेळी अरबी लिपीवर काम करणारी एक बाई माझ्या शेजारी बसली होती. मी कागदी रुमालावर दोन शब्द लिहिले, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. ती पेन घेऊन त्या आडव्या रवरून हळूहळू गिरवत राहिली. ही नक्षी आहे की अक्षर, तिने विचारलं. अक्षर आहे, मी म्हटलं. हा शब्द समुद्राचा, हा डोंगरांमधल्या खोल जागांचा. तिने रुमाल घडी घालून पर्समध्ये ठेवला. तिच्या लिपीतही एका टिंबाने अक्षर बदलतं. तिला जास्त सांगावं लागलं नाही.

सर्वोच्च पातळीच्या नावांसाठी देवनागरीचे नियम २०१९ मध्ये पक्के झाले. मी ते रात्री घरी उघडले आणि आधी तोच तक्ता शोधला. नुक्ता असलेला ऱ तिथे आहे. न दिसणाऱ्या चिन्हाची गरजच उरली नाही. फक्त त्याला एकटं येऊ दिलेलं नाही. पाय मोडून, पुढच्या अक्षराला धरूनच यायचं. बाबांच्या खणातला तो खिळाही कधी एकटा छापला गेला नाही. त्याच्यापुढे य लागायचा, नाहीतर ह.