लोणावळ्याची चिक्की

लोणावळ्याच्या चिक्कीचा इतिहास बहुधा एका वाक्यांत सांगितला जातो: बोरघाटांत लोहमार्ग बांधणाऱ्या मजुरांसाठीं ती प्रथम तयार झाली. गोष्ट सुरस आहे. परंतु सनावळीपुढें ती टिकत नाहीं.

घाटाचें काम १८५६ सालीं सुरू झालें. १८५९ च्या आरंभीं थकलेल्या मजुरीवरून कामगारांनीं दंगा केला. त्याच वर्षीं नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानांत येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि कंत्राट त्याची पत्नी ॲलिस हिनें पुरें करविलें. १८६१ सालीं येथें बेचाळीस हजारांहून अधिक माणसें राबत होतीं. पटकीनें त्यांचे तळच्या तळ ओस पडत. पंचवीस बोगद्यांचा हा मार्ग २१ एप्रिल १८६३ रोजीं सर बार्टल फ्रिअर यांनीं खुला केला. उलटपक्षीं, चिक्कीच्या जुन्या पेढ्या आपला आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा सांगतात. त्यांच्या भट्ट्या पेटल्या तेव्हां बोगदे खणणारे हात तेथून केव्हांच निघून गेले होते.

मग चिक्की आली कोठून? तिचें जुनें नांव गुडदाणी, आणि ती लोणावळ्याची मिरास खास नव्हे. जत्रेच्या पालांत ती सर्वत्र विकली जाई. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेचा; गूळ मात्र आपला. पाकाचें कवच चढविण्याची युक्ति पूर्वेकडे अन्यत्रही आहे. फिलिपीन्स बेटांत केळीं तांबड्या साखरेसह तळून, बांबूच्या काडीला टोंचून रस्त्यावर विकतात. पण तें केळें गरम असतांनाच खावें लागतें. चिक्कीचें तसें नाहीं. पाकाचा थेंब पाण्यांत टाकतांच कडक होऊन कट्‌कन तुटला, कीं त्यांत ओल फारशी उरत नाहीं, आणि वडी कित्येक दिवस टिकते.

हा टिकाऊपणाच आगगाडीच्या उतारूंस सोयीचा पडला. सदतिसांत एक असा चढ चढण्यास गाडीला मागून रेटणारें इंजिन लागे. तें लोणावळ्यास सोडीपर्यंत फेरीवाल्यांस अवसर मिळे. चिक्कीला नांव मिळवून दिलें तें मजुरांनीं नव्हे, तर घरीं कांहीं तरी नेऊं इच्छिणाऱ्या या उतारूंनीं. २००२ सालीं मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग पुरा झाला, तेव्हां दुकानें मोटारींच्या वाटेवरही गेलीं.

एक गंमत मात्र खरी. कोरडेपणावर जगणारी ही वडी मावळांतील अतिपावसाच्या गांवीं नांवारूपास आली. श्रावणांत पुडा उघडा राहिला, तर दुसऱ्या दिवशीं ती बोटांना चिकटते.